मऊ शिशात दात बसतो

वत्सू, काल इस्माईल गोणी घेऊन आला आणि मी नेहमीसारखं आत तोंड करून म्हणालो, "अगो, बघ जरा."

आतून कोणी आलं नाही. इस्माईल मान खाली घालून उभा. मग मी मेला घाईघाईने गोणीची सुतळी सोडायला लागलो, जणू मी गोणीलाच हाक मारली होती. गाठ काही सुटेना. शेवटी त्यानेच खिशातला चाकू काढून ती कापली.

तुझं तेरावं होऊन आठवडाही झालेला नव्हता, त्यामुळे बिचाऱ्याला यायचंच नव्हतं. पण हॉस्पिटलात जायच्या आधी तू त्याला फोनवर बजावलं होतंस, की केबलच्या वेष्टणाचं शिसं आलं तर दुसऱ्या कोणाला दाखवायचं नाही, पहिलं पेणला आणायचं. भंगारातला माणूस, पण शब्दाचा पक्का. रोह्याहून टेम्पोत टाकून घेऊन आला. "भाभीने सांगितलेलं म्हणून आणलं. नको असेल तर परत नेतो," म्हणाला. मी म्हटलं, राहू दे. चहा विचारला तर नको म्हणाला. जाताना पडवीतल्या तुझ्या पाटाकडे बघून गेला. तो पाट अजून कोणी उचललेला नाही.

गोणी ओतली तर केबलचं शिसं वरवर, आणि खाली सगळी खिचडी. कुठल्यातरी टाकीच्या अस्तराचे पत्रे, टायरवाल्यांकडची चाकाला लावायची वजनं, आणि तळाला काळपट वड्या. या वड्या म्हणजे कोणीतरी आधीच काहीबाही एकत्र वितळवून वाटीत थिजवलेल्या. पत्रा बघितला की त्याचं कूळ कळतं. वडीचं काही कळत नाही. वडी म्हणजे तुझं काम.

तू गेल्यावर आपल्या नितीनच्या कंपनीतली माणसं नागोठण्याहून भेटायला आली होती. चांगली माणसं, केळी घेऊन आली. काय बोलायचं सुचेना म्हणून एकाने विचारलं, तुमचा धंदा काय? मी सांगितलं, खाडीकाठची माणसं पाग टाकतात ना, हाताने फेकायचं गोल जाळं, त्याच्या काठाला लावायच्या शिशाच्या गोळ्या आम्ही ओततो. भंगारातलं शिसं आणायचं, कढईत वितळवायचं, साच्यात ओतायचं. "म्हणजे तसं सोपं आहे," तो म्हणाला. मी हो म्हणालो. तू असतीस तर त्याला तिथेच बसवून गोणी निवडायला लावली असतीस.

सोपं कसलं? भंगारात शिसं म्हणून येतं ते सगळं शिसं नसतं. आपल्या गोळीला चीर असते. ती दोरीवर ठेवून पकडीने दाबली की मिटली पाहिजे. मऊ शिसं मिटतं, कडक शिसं तडकतं, आणि चुकून जस्त गेलं तर अख्खी कढई वाया. हे मला नुसतं ठाऊक नव्हतं, मी ते करून दाखवलं होतं. आणि तेही तुझ्यासमोर.

आपल्या लग्नाच्या वर्षीची गोष्ट. वडिलांनी भट्टी नुकतीच माझ्या हाती दिली होती आणि नव्या बायकोसमोर मी जरा जास्तच फुगलो होतो. राखाडी आणि जड ते सगळं शिसं, असं धरून मी कुठल्यातरी मशीनचे तुकडे कढईत टाकले. वितळेनात म्हणून जाळ वाढवला. तिथेच चुकलो. जाळ बेताचा ठेवला असता तर ते वर तरंगत राहिले असते, झाऱ्याने काढून टाकता आले असते. पण मी लाकडं सारली आणि ते विरघळले. कढईतलं शिसं दह्यासारखं फुटलं. साच्यात उतरेना, उतरलं तर निम्मी गोळी. वडील ओटीवर जाऊन बसले. तू आतून आलीस, बाजूला उरलेला एक तुकडा उचललास, पदराला पुसलास आणि दाढेखाली धरलास. मग अंगणात थुंकलीस आणि म्हणालीस, "ह्ये शिसं नाय. दात सरकतोय यावर."

मला हसू आलं होतं आणि रागही. ही कोण मला शिकवणार? मग कळलं, ही कल्हईवाल्याची मुलगी.

तुझ्या वडिलांचं रोह्यात कल्हईचं दुकान होतं तेव्हा. कथील विकणारे लबाड लोक त्यात स्वस्तातलं शिसं मिसळायचे. म्हणून सासरे कथलाची कांडी चावून बघायचे. चांगलं कथील दाताखाली कुरकुरतं, शिसं घातलेलं गप्प बसतं. कुरकुरलं नाही तर ते कांडी परत करत, मग समोरचा कितीही ओळखीचा असो. ही गोष्ट तू मला कौतुकाने किती वेळा सांगितली असशील. मीही दर वेळी तितक्याच कौतुकाने ऐकली. लोकांच्या पातेल्यात शिसं जाऊ नये म्हणून तो माणूस चावत होता, वत्सू. ते त्याने पातेल्यातसुद्धा शिरू दिलं नाही, आणि त्याची लेक माझ्या घरी येऊन ते रोज तोंडात धरत होती. हा हिशेब मला एकदाही सुचला नाही. आता रोज सुचतो.

त्या दिवसापासून गोणी आली की तुझ्यासमोर ओतायची, असा रिवाजच पडला. तू पाटावर बसायचीस, समोर तीन डबे. एक मऊचा, एक कडकचा, आणि एक "नको"चा. पत्रे आणि नळ्या तू बघूनच टाकायचीस. शंका आली की पदराला पुसायचं, दाढेखाली धरायचं, थुंकायचं, डब्यात टाकायचं. "मऊ शिशात दात बसतो, कडकात अडतो, जस्तावर सरकतो," हे तुझं वाक्य खाडीकाठच्या माणसांना पाठ झालं होतं. कोणी गिऱ्हाईक म्हणालं, शेठ, शिसं बरं हाय ना, की मी म्हणायचो, आमच्या हिच्या दातांना विचारा. ते हसायचे. तूसुद्धा हसायचीस, तोंडावर पदर घेऊन, कारण पुढच्या एका दाताचा टवका उडाला होता. तो टवकाही माझ्याच भट्टीच्या नावावर.

एकदा तू म्हणालीस, "गोडसर लागतं वो ह्ये." मी म्हणालो, मग बरं आहे, साखर वाचली. तू मला हातातला तुकडा फेकून मारलास. मी तो चुकवला आणि आपण दोघं हसत बसलो. तेवढी दुपार मला अजून दिसते. तू लिंबू रंगाचं लुगडं नेसली होतीस. या विनोदासाठी आज माझं थोबाड फोडावंसं वाटतं.

आता माझ्या एका जुन्या बढाईबद्दल. माझा आवाज पेणच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. वजनात मारणाऱ्यावर, उधारी बुडवणाऱ्यावर, भट्टीजवळ ओल्या पायाने येणाऱ्यावर मी असा ओरडतो की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठतात. पण तुझ्यावर मी कधी आवाज चढवला नाही. लोक म्हणत, बाजारात वाघ आणि घरी मांजर. मी म्हणायचो, हो, आहे मांजर, बायकोवर ओरडायला अक्कल लागत नाही. लग्नांत, बारशांत, कोणाच्या घरी भांडण मिटवायला गेलो की तिथेही मी हे सांगायचो. तुझ्या दहाव्यालासुद्धा घाटावर कोणीतरी म्हणालं, "वहिनींवर कदी ओरडला नाय हा माणूस." मी मान डोलावली. तेव्हाही मला ते भूषणच वाटलं.

नितीन कंपनीत लागला आणि त्यांच्या सुरक्षेच्या शिकवणीला बसून आला, तेव्हापासून घरात कटकट सुरू झाली. त्याने हातमोजे आणले, तू त्यांनी गरम तवा उतरवायला लागलीस. त्याने मास्क आणला, तू तो मिरच्या कांडताना बांधायचीस. तो वैतागला, पण पोरगा चिकट आहे, तुझ्यावर गेलाय. शिसं ओळखायच्या सगळ्या रीती त्याने आपल्याला लादीवर बसून करून दाखवल्या. मऊ शिशावर नखाने चरा उठतो. कानस मारली की मऊ शिसं कानशीत भरतं. जस्तावर संडासाच्या ॲसिडचा थेंब टाकला की फेस येतो, शिशावर येत नाही. आणि नुसतं लादीवर टाकलं तरी मऊ शिसं धप्प करतं, कडक टणकन वाजतं. सगळं बरोबर होतं. हे आपल्यालाही माहीत होतंच, माझे वडील आवाजावरच ओळखायचे. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "कानस सांगते कडक का मऊ. किती मऊ, ते दात सांगतो." तेही खरं होतं.

मग त्याने रक्त तपासायचा हट्ट धरला. रक्तात शिसं उतरतं म्हणे, ते मोजता येतं. तू म्हणालीस, सुई टोचून घ्यायला मी काय पोर हाय? तो माझ्याकडे वळला. "बाबा, तुमी सांगा. तुमचं ऐकंल ती."

वत्सू, त्या वेळी मी जे बोललो ते तुझ्यासमोरच बोललो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तरी परत सांगतो. मी म्हणालो, "माझ्या बापाने जन्म काढला शिशात. काय झालं त्याला?"

तू विजयी मुद्रेने माझ्याकडे बघितलंस. आणि माझ्या बापाला काय झालं ते तर मला ठाऊक होतं. शेवटी शेवटी त्याला कप धरता येत नव्हता, मनगट लुळं पडायचं, चहा मी बशीत ओतून पाजायचो. आम्ही त्याला म्हातारपण म्हणायचो. तुझ्याही पोटात अधूनमधून पिळवटून यायचं, तेव्हा आपण त्याला वात म्हणायचो आणि मी तुला ओवा चघळायला द्यायचो. तुझ्या हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ होती, ती मला मशेरीची वाटायची. मशेरी सोड म्हणून मी तुला चिडवायचो. आपल्याकडच्या बायकांच्या हिरड्या कोण कशाला बघायला जातंय?

खरं कारण वेगळंच होतं, तेही सांगून टाकतो. पावसाळा सरत आला होता. खाडीकाठची माणसं गोळ्यांसाठी दारात उभी होती. तू निवडायला बसलीस की गोणी दुपारपर्यंत हातावेगळी व्हायची. कानस, नख आणि ॲसिड करत बसलो असतो तर दोन दिवस गेले असते. शिवाय तू ऐकणार नव्हतीस, भांडण झालं असतं, आणि मला भांडण नको होतं. मी मूग गिळून बसलो आणि त्याला तुझा मान राखणं असं नाव दिलं. तू हट्टी होतीस हे खरं. पण तुझा हट्ट माझ्या सोयीचा होता, हेही तितकंच खरं.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. तुझी मूत्रपिंडं निकामी होत आल्याचं त्यांनी मला व्हरांड्यात सांगितलं. घरी काय काम करतात विचारलं, तर मी सांगितलं. त्या लिहिता लिहिता थांबल्या आणि म्हणाल्या, रक्तातलं शिसं कधी तपासलं होतं का? मी नाही म्हणालो. ब्लडप्रेशरच्या गोळ्या नियमित घ्यायच्या का? मी म्हणालो, आठवण झाली की घ्यायची. त्या म्हणाल्या, मग नेमकं कशामुळे झालं ते आता सांगता येणार नाही, प्रेशरमुळे असेल, शिशामुळे असेल, दोन्ही असेल. त्या मला बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी त्या वाक्यापाशी बसलोय, भंगारातल्या वडीपाशी बसावं तसा. त्यात माझं किती, तुझ्या हट्टाचं किती, प्रेशरचं किती? एकदा एकत्र वितळलं की कोण वेगळं काढणार? नितीन म्हणतो, बाबा, आता त्याचा विचार करू नका. तो चांगला आहे, मला एका शब्दाने दोष देत नाही. नुसता जेवताना माझ्या ताटात आधी वाढतो. ते मला सहन होत नाही.

शेवटच्या दिवसांत तू फार बोलायची नाहीस. एकदा मात्र नीट जागी झालीस आणि विचारलंस, "हाशाच्या गोळ्या वतल्या का?" हाशा तुझं लाडकं गिऱ्हाईक, दर वर्षी तुला जिताडा मासा आणून देणारं. मी म्हणालो, ओतल्या, घेऊन गेला. खोटं बोललो. भट्टी महिनाभर थंड होती. तुला ते कळलं असणार, कारण तू म्हणालीस, "मऊच घातलं ना? जरा कडक मिसळा म्हनलं हुतं." तेवढ्यातही वाद उकरून काढलास.

हा वाद आपला राहिलाच. तुझं म्हणणं, नुसत्या मऊ गोळ्या दगडाला घासून झिजतात, म्हणून चिमूटभर कडक मिसळावं. माझं म्हणणं, आपल्या खाडीत चिखल, दगड कुठे आहे? तू म्हणायचीस, तुमची खाडी चिखलाची, आमच्या कुंडलिकेला दगड हायत. माहेरच्या नदीसाठी तू पेणच्या माणसांच्या गोळ्या कडक करायला निघाली होतीस. अजूनही मला वाटतं माझंच बरोबर होतं. पण तेव्हा तुझ्या उशाशी बसून मी म्हणालो, घालतो गो, कडक घालतो. आणि विचारायचं होतं ते विचारलंच नाही. शब्द ओठांवर होते. मी विचारणार होतो, तू माझ्यावर रागावलीस का? त्याऐवजी मी विचारलं, पेजेत मीठ बरोबर आहे ना? तू मान हलवलीस. बरोबर आहे म्हणून की नाही म्हणून, तेही कळलं नाही.

तुझे आभार मानायचेही राहिले. नवरा बायकोचे आभार मानतो का कधी, आणि मानले असते तर तू म्हणाली असतीस, काय वो, ताप हाय का? पण त्या फुटलेल्या कढईनंतर आपली एकही कढई वाया गेली नाही. खाडीकाठच्या कोणाचा पाग आपल्या गोळीपायी फाटला नाही. नितीनचं शिक्षण, हे घर, पडवीवरचे पत्रे, हे सगळं तुझ्या दाढेखालून आलंय. हे बोलायला गेलो की पुढचं वाक्य आपोआप येतं आणि मी थांबतो.

आज सकाळी हाशा आला. रडला, बसला, आणि उठताना हळूच म्हणाला की पाग विणून तयार आहे, घाई नाही. मला वाटलं, तुला दिलेला शब्द तरी खरा करावा. म्हणून पडवीत बसलो. समोर तुझे तीन डबे ठेवले. मऊच्या डब्यात तू निवडून ठेवलेलं थोडं शिसं होतं. बघितलं तर बऱ्याच तुकड्यांवर तुझ्या दाढेचा ठसा. किती वर्षं मी हे ठसे कढईत टाकत आलो, एकदाही लक्ष गेलं नव्हतं. तो डबा मी झाकून ठेवला. म्हटलं, इस्माईलच्या गोणीतलंच घेऊ.

केबलचं शिसं लगेच निवडून झालं. पत्रेही झाले. चाकाची वजनं कानस मारून बघितली, त्यात दोन-चार जस्ताची निघाली, ती "नको"त गेली. राहिल्या वड्या. एकीला नख लावलं तर चरा उठला नाही, पण माझी नखं आता कुठे राहिलीयत? कानस मारली तर वरची काळी साय निघाली, आतलं चमकलं, आणि मला काही ठरवता येईना. ती वडी हातात घेऊन मी मूर्खासारखा बसून राहिलो. सवयीने दोनदा दाराकडे बघितलं.

तेवढ्यात रूपाली चहा घेऊन आली. आपली सून निडीची, शेतकऱ्याघरची, तिला भट्टीचा काय गंध? पण तुझ्या शेजारी बसून तुला डबे सरकवून द्यायची, एवढं मी बघायचो. तिने कप खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि तिला माझी दया आली असावी. "द्या, मी बघते," म्हणाली आणि सरळ तुझ्या पाटावर बसली. वडी माझ्या हातातून घेतली. ओढणीला पुसली, अगदी तुझ्यासारखी, दोन बाजूंनी. आणि तोंडाकडे नेली.

मी ओरडलो.

काय ओरडलो ते मला आठवत नाही. "टाक ते" असं काहीतरी असणार. नुसता ओरडलो नाही, तिच्या हातावर फटका मारला. सुनेच्या अंगाला मी कधी बोट लावलं नव्हतं, वत्सू. कप लवंडला. समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन दारात आला. रात्रपाळी करून झोपलेला नितीन तसाच बनियनवर धावत बाहेर आला.

वडी लादीवर पडली आणि टणकन वाजली. चांगली खणखणीत. दोनदा उडून तुझ्या पाटाला टेकली.

कडक होती. दात न लावता कळलं. माझ्या बापाला कळायचं तसं, नितीनने त्या दिवशी दाखवलं होतं तसं. तेवढं करायला मला किती वेळ लागला असता?

रूपाली हात चोळत होती. तिला लागलं होतं, पण त्याहून ती घाबरली होती, आणि घाबरण्याहून जास्त तिला वाईट वाटलं होतं. नितीनने विचारलं, काय झालं? ती म्हणाली, बाबा ओरडले. त्याला खरंच वाटेना. मग ती माझ्याकडे बघून, टोमणा म्हणून नाही, अगदी लहान मुलीसारखी म्हणाली, "आईंनीच शिकवलंय मला. त्या तर रोज कराच्या. त्यांना कदी नाय बोललात तुमी."

नितीन तिला गप्प बस म्हणून खूण करत होता. मी त्याला म्हटलं, राहू दे, बोलू दे तिला. मग मी खाली वाकलो, ती वडी उचलली आणि कडकच्या डब्यात टाकली.

"नाय बोललो," मी म्हणालो.